सुमेधेचा अबोला आणि घडीचा नांगर

तीर्थस्वरूप प्रमोदिनीताईस,

डोंबिवलीहून धाकट्या सीतारामचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला हटला का, की अजून नौपाड्यातले सगळे डॉक्टर बदलून बघणं चाललंय? आम्ही दोघं प्रकृतीने ठीक आहोत. पत्र लिहायचं कारण असं, की फोनवर तुला कमी ऐकू येतं आणि मी मोठ्याने बोललो तर ते स्वयंपाकघरात ऐकू जातं. ताई, सुमेधा तीन दिवस माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. चौतीस वर्षांत असा अबोला मी पाहिला नव्हता. आणि काल तर तिने हॉलमधल्या होडीकडे हात केला आणि लगेच दाराकडे केला. अर्थ उघड आहे. होडी घरातून जाणार, आणि बहुधा याच रविवारी.

होडी कुठून आली, असं तू विचारशील. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यापासून मी गप्प गप्प असतो, असं क्षिप्राचं म्हणणं. (लेकीचं खरं आहे. छत्तीस वर्षं कंपनीत मीटर तपासले. आता सकाळी उठून काय तपासायचं ते कळत नाही. टीव्हीसमोर बसतो आणि टीव्ही काय म्हणाला तेही आठवत नाही.) म्हणून ती बाळकुमहून येताना दोघांना बसता येईल अशी, हवा भरायची कयाक घेऊन आली. हॉलमध्ये फुगवून पाहिली तेव्हा टीपॉय बाल्कनीत ठेवावा लागला. सोबत दोन वल्ही, दोन जॅकिटं आणि एक घडीचा नांगर होता. हा नांगर म्हणजे मोठी गमतीची वस्तू. वजन दीड किलो. छत्रीसारख्या मिटणाऱ्या चार पाकळ्या, आणि त्या उघडल्या की पुन्हा मिटू नयेत म्हणून एक सरकतं कडं. त्याचं माहितीपत्रक मी सात वेळा वाचलं. पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट दोरी सोडावी, असं त्यात बारीक अक्षरात लिहिलंय. बारीक अक्षरं वाचण्यातच माझं आयुष्य गेलं, त्यामुळे या बाबतीत मला दोष देता येणार नाही.

दोष सुरू होतो तो पूजेपासून, आणि तो कुणाचा हे मी लिहीत नाही. आपल्या घरात नवी वस्तू पूजेशिवाय वापरत नाहीत, मग तो मिक्सर असो की स्कूटर. सुमेधाने नांगराला हळदकुंकू लावलं, समोर नारळ ठेवला आणि लाल दोऱ्याचे सात वेढे देऊन घट्ट गाठ मारली. नांगर तेव्हा मिटलेला होता. आता देवाचा दोरा आपण होऊन तुटेपर्यंत सोडायचा नाही, ही आपल्या आईची शिकवण. मी म्हटलं, पाण्यात भिजला की सैल होईल. (इतकी वर्षं यंत्रांत काढलेल्या माणसाने असं म्हणावं, याचं मला आता आश्चर्य वाटतं.)

रविवारी सकाळी भरती बघून आम्ही मोठागावच्या खाडीत उतरलो. मधोमध थांबून थालीपीठ खायचं आणि थर्मासमधला चहा प्यायचा, असा बेत होता. मी मोठ्या ऐटीत नांगर सोडला, मोजून पाचपट दोरी दिली आणि होडी कशी देवळासारखी स्थिर उभी आहे ते सुमेधाला दाखवलं. दुसऱ्या थालीपिठाला ती म्हणाली, "अहो, मघाशी समोर निळ्या टाकीची बिल्डिंग होती, ती कुठे गेली?" मी म्हटलं, या भागात बिल्डिंगा पटापट उभ्या राहतात. तिसऱ्या थालीपिठाला आम्ही दिवा गावाच्या बाजूला पोचलो होतो. ओहोटी लागली होती, आणि आमचा पूजलेला नांगर हात जोडून तळावरून आमच्या मागे मागे येत होता.

वर ओढून पाहिलं तर दोरा शाबूत. रंगसुद्धा गेला नव्हता. मनातल्या मनात देवाची क्षमा मागून मी तो दातांनी तोडला, पाकळ्या उघडल्या, कडं सरकवलं आणि काठाजवळच्या उथळ पाण्यात नांगर टाकला, जरा दम खावा म्हणून. ताई, काय धरलं त्याने! दोघांनी ओढला तरी हलेना. त्या ओढाओढीत पाणी गेलं आणि होडी चिखलात बसली. भोवती मांडीभर चिखल, पलीकडे तिवरं. फोन होते, पण क्षिप्राला काय सांगायचं म्हणून मी फोनची पिशवी मांडीखाली घेऊन बसलो. सुमेधा दिसेल त्या होडीला तासभर हाका मारत होती. अखेर महिपत नावाच्या एका कोळ्याने दुरून होडी थांबवली. म्हणाला, "काका, भरती आल्याव निंगंल. मंग नांगराच्या डोक्याव जाऊन सरल वर वढा. आनि दोरी अशी बगलंला बांधतान काय? नाकाला बांधा, नायतर पलटी व्हाल." काकूंना फळ्या टाकून नेतो, असंही म्हणाला. सुमेधाने मानेनेच नकार दिला. (मला एकट्याला सोडलं तर मी आणखी काहीतरी करीन, अशी तिची खात्री असावी.)

त्यानंतर ती गप्प. चिखलात बसल्यापासूनच मी तिची मनधरणी करायला काहीबाही बोलत होतो, ते तसंच चालू ठेवलं; ते सगळं इथे लिहीत नाही. भरती आली, महिपतने सांगितलं तसा नांगर निघाला, आम्ही घरी आलो. रिक्षातसुद्धा ती बोलली नाही. तेव्हापासून सकाळचा चहा मी करतो, भांडी घासतो, काल गवार निवडली. उपयोग शून्य. होडी गेली तर मला वाईट वाटेल, ताई, खोटं कशाला बोलू. पण घरात तिचा आवाज नाही, हे त्याहून सहन होत नाही.

थोरल्यांना नमस्कार, तुला आणखी एक.

तुझा,
सीताराम

ता. क. – सुमेधा तुझा शब्द मोडत नाही. रविवारच्या आत तिला फोन करून, होडी राहू दे, असं सांग. तुला ऐकू आलं नाही तरी चालेल, तू फक्त बोल.

ता. क. २ – मी लिहिलंय हे तिला कळू देऊ नकोस. ती पोस्टाच्या बाजूला निघाली आहे म्हणून पाकीट तिच्याकडेच देतोय. नीट चिकटवलंय.

ता. क. ३ – ताई, सुमेधाचा नमस्कार. पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं. मी रागावलेली नाही. हाका मारून मारून घसा बसलाय, आणि डॉक्टरांनी आठवडाभर अजिबात बोलू नका म्हणून बजावलंय. चिठ्ठीवर लिहून ह्यांना सांगणारच होते, तेवढ्यात हे स्वतः केलेला चहा घेऊन समोर उभे राहिले. मग म्हटलं, घाई कसली? होडी गच्चीत वाळत घाला असं खुणेने सांगत होते. चिखलाचा वास मारतोय नुसता. आणि महिपतबरोबर मी का गेले नाही ते सांगते. हे बोलायला लागले होते. आईंचं, कंपनीतलं, क्षिप्रा लहान असतानाचं, दोन तास अखंड. दोन वर्षांनी माझा नवरा मला सापडला होता, तो चिखलात टाकून कुठे जाऊ? फोन सोमवारी करा. रविवारी दुपारी भरती आहे, आम्ही घरी नसू.