डोकेदुखीची भूमिका

३ मार्च
निवड झाली! फॅमिली डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांच्या परीक्षेत खोटा पेशंट लागतो. डॉक्टर कसा बोलतो, कसा ऐकतो, ते परीक्षक बाई कोपऱ्यात बसून बघतात. तेहतीस वर्षं टेलिफोन खात्यात तक्रारी ऐकल्या, आता आपण करायच्या. हिला सांगितलं. म्हणाली, ‘सराव आहेच तुम्हाला.’ कौतुक क्वचितच करते.

५ मार्च
भूमिकेचं कार्ड आलं. पंधरा दिवस डोकं दुखतंय. भाऊ मेंदूच्या गाठीने गेला, आपल्यालाही तेच झालं असेल, ही भीती. पण डॉक्टरने आपुलकीने विचारलं तरच सांगायची, एरवी गप्प. भूमिका फारच पातळ. मी भरतो.

८ मार्च
तालीम. चक्कर घातली, उलटी घातली, डाव्या हाताला मुंग्या आणल्या. पहिला शिकाऊ डॉक्टर थेट ॲम्ब्युलन्सला फोन करायला धावला. परीक्षक बाई म्हणाल्या, काका, कार्डावर आहे तेवढंच. बाईंना अभिनयातलं कळत नाही. उद्यापासून संयम.

९ मार्च
फक्त एकदाच कोसळलो.

११ मार्च
चहाच्या टेबलाशी एक शिकाऊ मुलगी भेटली. तिसऱ्यांदा बसतेय; या वेळी राहिली तर घरचे पुढे शिकू देणार नाहीत. ऐकणं म्हणजे काय, ते तिला पाऊण तास समजावलं. मधे दोनदा तिने तोंड उघडलं, पण माझा ओघ तुटला असता.

१४ मार्च, परीक्षा
चष्मा घरी राहिला. ही घेऊन आली आणि परीक्षा सुरू होईपर्यंत बाहेर बाईंशी गप्पा मारत बसली.
ती मुलगी आत आली. ‘काय होतंय, काका?’ म्हणाली आणि गप्प बसली. घड्याळ नाही, कागद नाही, माझ्याकडे बघत. असं कुणी बसलं की माणसाने काय करावं? मी बोलत सुटलो. ऑफिस, गुडघा, फोनवर ‘बाबा, मुद्द्यावर या’ म्हणणारा मुलगा. मग तिने हळूच विचारलं, ‘काका, भीती कसली वाटते?’ मी म्हणालो, ‘मी बोलायला लागलो की लोक उठून जातात.’
घंटा वाजली. भाऊ, गाठ, सगळं राहिलं! पोरीचं वर्ष बुडवलं. कार्डावरची अक्षरं बारीक होती. तरी जेवण गेलं नाही.

१७ मार्च
पोरगी पास! बाई म्हणाल्या, तिने बरोबर विचारलं, चूक पेशंटची. असो. माझा पाऊण तास कामी आला.

२० मार्च
पुढच्या परीक्षेचं पत्र आलं. नवरा-बायको एकत्र येतात, असा पेशंट. बायको म्हणून हिला घेतलंय! त्या दिवशीच्या गप्पांत बाईंना आवडली म्हणे. मी नवरा. संवाद: नाहीत. मूक अभिनय सर्वांत अवघड, म्हणूनच मला दिला असणार.
हे हिला समजवायला गेलो. ती कार्ड मोठ्याने पाठ करत होती. मान वर न करता म्हणाली, ‘तुमची तालीम सुरू झालीय.’