डंक की बी.ए.

३ जानेवारी १९९७, शुक्रवार

डायरी लेकीने, मायाने दिली. जावयाच्या कारखान्यातली आहे. तारखा छापलेल्या आहेत, त्यामुळे आता चालढकल करता येणार नाही.

वय चौसष्ट. फौज झाली, नंतर एमआयडीसीत गेटवरची नोकरी झाली. दोनदा रिटायर झालेला माणूस गल्लीत मी एकटाच. पोस्टात बावीस हजार आहेत. या वर्षी एक काहीतरी पक्के करायचे. मुक्त विद्यापीठाचे बी.ए. पूर्ण करायचे, की डंक टाकायचा.

शिक्षण सातवी, शिवाय फौजेतली रोमन हिंदीची परीक्षा. मुक्त विद्यापीठाची प्रवेशाची परीक्षा मी गेल्या वर्षी पास झालो. आता पहिले वर्ष चालू आहे.

डंक म्हणजे मिरची कुटायचे मशीन. आमच्या बाजूला एकही नाही. चटणीच्या दिवसांत बायका डोक्यावर डबे घेऊन पार स्टँडच्या मागे जातात आणि भाऊसोच्या डंकावर नंबर लावून बसतात.

दोन्ही गोष्टी माझ्या आवाक्यातल्या आहेत. अडचण तीच आहे.

निर्णय महिनाअखेर. पेनाने लिहिले आहे.

१२ जानेवारी, रविवार

अभ्यास केंद्रावर गेलो. सर माझ्या मुलापेक्षा, मिलिंदपेक्षा लहान. मला आजोबा म्हणतात. वर्गात आजोबा म्हणणे शिस्तीला धरून नाही, हे पुढच्या रविवारी सांगायचे.

अर्थशास्त्र डोळे मिटून ऐकले. शेजारच्या मुलीने हलवून उठवले व तास संपल्याचे सांगितले. तिचा गैरसमज झाला. मी मनन करत होतो.

घरी बायकोला, बाळाबाईला विचारले, तुझे मत काय. ती म्हणाली की बी.ए. मला कळत नाही, मिरची कळते. तीस वर्षे बांधकामावर पाट्या वाहिल्या, आता गुडघे गेले. बसून करायचा स्वतःचा एक धंदा असावा, एवढेच तिचे म्हणणे.

मी म्हणालो, विचार चालू आहे. ती म्हणाली, विचार चालू असतो तेव्हा तुम्ही घोरता.

२७ जानेवारी, सोमवार. माधवनगर

मायाकडे आलो आहे. सांगलीत डंकाचा डीलर पाहिला. दोन मुसळांचे मशीन आहे. चालू करून दाखवले. जमीन हादरते. फौजेची आठवण झाली.

डीलरने विचारले, थ्री फेज कनेक्शन आहे का. मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्याने विचारले नाही, मीही सांगितले नाही. म्हणाला, आत्ता ॲडव्हान्स द्या, मार्चच्या आत मशीन साताऱ्यात. मी सांगितले की सध्या मी विद्यार्थी आहे, घाईत निर्णय घेत नाही. कशाचे विद्यार्थी, त्याने विचारले. अर्थशास्त्राचे. मग तो म्हणाला की तुम्हाला ठाऊकच असणार, सीझनला भाव वाढतो.

पुस्तकात हा धडा अजून आलेला नाही. आल्यावर कळवतो म्हणालो.

माया परतीच्या एसटीत बसवायला आली. म्हणाली, आण्णा, आईसाठी तरी करा. मी म्हणालो, तिच्यासाठीच तर एवढा विचार करतोय.

३१ जानेवारी, शुक्रवार

महिना फार लवकर संपला. घाईत काही ठरवले तर चुकेल. फेब्रुवारी लहान असतो, त्यामुळे आपोआप लवकर ठरेल.

९ फेब्रुवारी, रविवार

गृहपाठ परत आला. प्रश्न होता, उत्पादनाचे घटक सांगा. मी डंकाचे उदाहरण घेऊन चार पाने लिहिली होती. जागा म्हणजे आमचा पुढचा पत्रा. श्रम बाळाबाईचे. भांडवल पोस्टातले. संयोजक मी. सरांनी लाल पेनाने लिहिले आहे, 'उदाहरण छान, उत्तर कुठे आहे?'

सरांना व्यवहार कळत नाही. पुस्तकी माणूस.

वीज कनेक्शनचा अर्ज आणायला उद्या जायचे.

१० फेब्रुवारी, सोमवार

अभ्यास असल्यामुळे अर्जाला गेलो नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अर्जाला जायचे डोक्यात असल्यामुळे अभ्यास झाला नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

घरात एक प्रकार झाला. बाळाबाईने मला न विचारता गल्लीतल्या निम्म्या घरांना शब्द दिला. औंदा स्टँडमागे जाऊ नका, आपल्या दारात डंक येतोय. बायकांनी तिला आत्तापासून मालकीणबाई म्हणायला सुरुवात केली. बनुबाई तर जाता येता विचारते, काय मालकीणबाई, माझा नंबर कितवा.

बाळाबाई हसते. पुष्कळ दिवसांनी हसताना पाहिली.

मी तिला समजावले की धंद्यात आधी बोलून दाखवू नये. ती म्हणाली, "आवं, बोलून दाखवल्याबिगर तुमी हलणार हायसा व्हय?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर विचार करून देईन.

८ मार्च, शनिवार

मिरची आली. बाळाबाईने बाजारातून पोते आणले. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. अंगणभर वाळत घातली आहे. मी खाट मागच्या दारी नेऊन अभ्यास करतो. तरी शिंका येतात. शिंकांमुळे मध्ययुगाचा इतिहास अर्धवट राहिला.

अर्ज आणला. तीन प्रती भरायच्या आहेत. मिलिंद पुण्याहून आला की त्याच्याकडून भरून घेईन. बी.ए.च्या विद्यार्थ्याने अर्ज दुसऱ्याकडून भरून घेणे बरे दिसत नाही, पण विजेचे इंग्रजी वेगळे असते.

२ एप्रिल, बुधवार

मायाचा फोन समोरच्या एसटीडीवर आला. डीलर म्हणतो, एकच मशीन उरले आहे, पंधरा तारखेपर्यंत धरून ठेवतो, तेही मायाच्या शब्दाखातर. अर्ज मिलिंदने भरला, आता फक्त मी जाऊन द्यायचा आहे. परीक्षा पाच मेला. फी भरली आहे.

आज रात्री ठरवले. डंक. बी.ए. पुढच्या वर्षी. पंधरा तारखेला पहाटेची सांगली गाडी धरायची, पैसे काढून ठेवायचे. बाळाबाईला सांगितले. ती उठली आणि पुढच्या पत्र्याखालचा पसारा आवरायला लागली. लाकडे, जुनी सायकल, माझी पुस्तकेसुद्धा हलवली.

मन मोकळे झाले. निर्णय घेणारी माणसे कशी असतात, हे आज कळले.

११ एप्रिल, शुक्रवार

पोस्टातून पैसे काढले. कपाटात पत्र्याच्या पेटीत आहेत. वाटेत तात्याबा भेटला. तो आमच्या जयंती मंडळाचा अध्यक्ष. फौजेत माझ्यानंतर भरती झाला, तरी मलाच केरबा म्हणतो. पिशवी घट्ट का धरलीस, म्हणाला. मी त्याला रकमेसकट सगळे सांगितले. फौजेतल्या माणसापाशी लपवू नये.

त्याने विचारले, कॉलेजचे काय. मी म्हणालो, ते झाल्यासारखेच आहे.

१४ एप्रिल, सोमवार. जयंती

रात्र. जसे झाले तसे लिहितो.

संध्याकाळी विहारापुढे स्टेज. शिकलेल्यांचे सत्कार दर वर्षी असतात. दहावीची मुले झाली, एक डी.एड. झाली. मग तात्याबाने माइकवर माझे नाव पुकारले. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी बी.ए. झालेले आपल्या वस्तीचे भूषण. मी मागे वळून पाहिले, दुसरा कोणी केरू आहे का. नव्हता.

वर गेलो ते खुलासा करायलाच. पण आधी फेटा बांधला, मग शाल, मग नारळ. हातात नारळ असताना खुलासा करता येत नाही. समोर सगळी वस्ती टाळ्या वाजवत होती. म्हाताऱ्या बाया पदर डोळ्याला लावत होत्या. बाबासाहेबांचा एवढा मोठा फोटो, त्याच्यापुढे मी. तात्याबा कानात म्हणाला, दोन शब्द बोल रं गड्या, बी.ए. माणूस तू.

मी म्हणालो, शिका. टाळ्या झाल्या. पुढे काय बोलायचे ते सुचेना. टाळ्या थांबल्या तरी लोक बघतच होते. वाचनालयाची वर्गणी चालू होती, कोणी एकशे एक, कोणी एक्कावन्न. भाषण लांबेना म्हणून मी देणगी जाहीर करायला गेलो. एकवीसशे म्हणायचे होते. माझ्या हिशेबाने तेवढे डंक घेऊनही निघत होते. एकवीस म्हणालो आणि अंगणातल्या मिरचीचा जो ठसका महिनाभर घशात होता, तो नेमका तेव्हा आला.

तात्याबाला माझी रक्कम ठाऊक. त्याने माइक ओढला आणि म्हणाला, हजार. वाचनालयासाठी एकवीस हजार.

मी हाताने नाही नाही केले. लोकांना वाटले, नम्रता. तेवढ्यात हलगी सुरू झाली. हलगी वाजल्यावर माणसाला आकडा बदलता येत नाही.

बाळाबाई बायकांत बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या की नाही, ते फेट्यामुळे दिसले नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

सांगली गाडी पहाटे निघाली. मी घरात.

सकाळी मंडळाचे लोक पावतीपुस्तक घेऊन आले. मी त्यांना चहा दिला, मग पाणी दिले, मग पुन्हा चहा दिला. सांगणार होतो. वाक्यही तयार केले होते. तात्याबा म्हणाला, केरबा, काल पोरं रात्रभर तुझंच बोलत होती, आमी बी कालेजात जाणार म्हणत होती. मग ते वाक्य काही निघाले नाही.

आत गेलो. बाळाबाई पेटी घेऊनच बसली होती. मी म्हणालो, चुकून झाले, खोकला आला, एकवीसशेच म्हणायचे होते. ती म्हणाली, "बाबासायबांच्या फोटोम्होरं बोललासा न्हवं? मग द्या. बोललेलं परत घेत न्हाईत."

मी विचारले, आणि तू बायकांना बोललीस त्याचे?

तिने पेटी माझ्या हातात दिली. "ते मी बगते."

दुपारी ती घरोघर जाऊन आली. काय सांगितले ते मला सांगितले नाही. बनुबाई दारावरून गेली, आज काही विचारले नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

शांतपणे विचार केला. यात फायदाच आहे. दोन वाटा होत्या, म्हणून अडचण होती. आता एकच राहिली. बी.ए. त्याला भांडवल लागत नाही. जोमाने अभ्यास सुरू. पहाटे चारला उठायचे.

विहाराच्या दारावर फलक लावला आहे. त्यावर माझ्या नावापुढे बी.ए. लिहिले आहे. अक्षर चांगले आहे. पास झाल्यावर ते खरेच होणार आहे, म्हणजे चूक फक्त तारखेची. खोडायला कशाला सांगायचे.

२१ एप्रिल, सोमवार

सकाळी आठला उठलो. लोक येतात. कोणाला रेशनचा अर्ज लिहून हवा, कोणाला कोर्टाचा कागद वाचून हवा. बी.ए. म्हणून येतात. कोर्टाचा कागद मी बराच वेळ पाहिला व गंभीर आहे म्हणालो. त्या माणसाचा चेहरा उतरला. नंतर कळले, तो खटला जिंकला होता.

५ मे, सोमवार

पहिला पेपर. बाळाबाईने दही-साखर हातावर दिली. मी फौजेतला कोट घातला.

केंद्राच्या फाटकाशी तात्याबाचा नातू प्रबुद्ध आणि त्याचे मित्र उभे. त्यांचीही पहिल्या वर्षाची परीक्षा. मला पाहून सगळे वाकून पाया पडले. प्रबुद्ध मित्रांना सांगत होता, हे आमचे केरूअण्णा, बी.ए. मग मला म्हणाला, "आण्णा, सुपरव्हिजनला आलाय व्हय?"

हॉल तिकीट कोटाच्या वरच्या खिशात होते. मी त्यावर हात ठेवला.

व्हय म्हणालो.

घंटा झाली. पोरे आत गेली. झालेल्या बी.ए.ने त्यांच्या रांगेत बाकावर जाऊन बसावे कसे? बाहेर लिंबाखाली उभा राहिलो. खिडकीतून प्रबुद्ध दिसत होता. त्याने एकदा पाहिले आणि हात केला. मीही केला, सुपरव्हिजन करतात तसा. पेपर सुटायच्या आधी निघालो.

बाळाबाईने विचारले, कसा गेला. मी म्हणालो, शांततेत पार पडला.

७ मे, बुधवार

दुसऱ्या पेपरला गेलो नाही. एक पेपर गेल्यावर बाकीचे देण्यात अर्थ नाही. एकदम सगळे पुढच्या वर्षी द्यावेत. तेव्हा परीक्षेला दुसरे गाव मागायचे. कऱ्हाड किंवा सांगली.

बाळाबाई दोन दिवस सकाळी लवकर जाते आणि संध्याकाळी येते. विचारले तर कामाला जाते म्हणाली. कुठल्या, ते मी विचारले नाही. विचारले असते तर उत्तर आले असते.

१८ मे, रविवार

आज तिच्या मागोमाग गेलो. स्टँडमागे, भाऊसोचा डंक.

बाळाबाई ओट्याशी पाय लांब करून बसली होती, मिरचीचे देठ मोडत. रोजंदारीवर. आजूबाजूला आमच्याच गल्लीतल्या बायका डबे घेऊन रांगेत. त्यांना दिलेला शब्द तिने असा पाळला होता. भाऊसोशी बोलून त्यांचे नंबर आधी लावून घेतले होते. त्या तिला अजून मालकीणबाई म्हणत होत्या, पण हळू आवाजात.

मला पाहून ती म्हणाली, आलायसा तर बसा. भाऊसोने मला ओळखले. त्यानेही फलक वाचला होता. म्हणाला, आण्णा, लय गर्दी हाय, तुमी शिकलेलं, जरा डब्यांवर खडूनं नंबर घालून द्या.

दिवसभर नंबर घातले. एकाही डब्याचा नंबर चुकला नाही. दोनदा ठसका लागला, तेव्हा बाळाबाईने पाणी दिले. डंक जमीन हादरवत होता. मशीन दोन मुसळांचे, नवे दिसले. भाऊसो म्हणाला, सांगलीहून आणले, डीलरने कोणासाठी तरी धरून ठेवले होते, तो माणूस आलाच नाही, म्हणून मिळाले. मी म्हणालो, असतात अशी माणसे.

संध्याकाळी भाऊसोने हजेरीची मजुरी वाटली. बाळाबाईला पूर्ण, मला अर्धी. नवा माणूस म्हणून.

परत येताना बाळाबाईने हात पुढे केला. म्हणाली, "आणा ती बी हिकडं. न्हायतर परत माइक दिसंल."

दिली. सकाळी साडेसातला परत जायचे आहे.