अक्का चालते, असं कंपनीचं म्हणणं आहे

इंदिरानगर, नाशिक

चि. किशोर यास,

दाजीचे भरभरून आशीर्वाद. (साठी उलटलेल्या मेहुण्याला चिरंजीव लिहिताना हात अडखळतो. पण आमच्या लग्नात तू माझा कान पिळलास तेव्हा हाफचड्डीत होतास, त्यामुळे माझ्या लेखी तू अजून तेवढाच आहेस.) तुझी तब्येत कशी आहे? सटाण्याकडे डाळिंबांवर यंदा रोग नाही ना? आमचं म्हणशील तर तुझी अक्का बरी होत चालली आहे, आणि तिच्या बरं होण्याला विमा कंपनीने हरकत घेतली आहे. तो सगळा प्रकार कळवतो.

अक्का बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, इथवर तुला माहीत आहे. (तू दवाखान्यात आणलेली डाळिंबं मीच खाल्ली, हेही तुझ्या कानावर आलं असेल.) खरी पंचाईत घरी आल्यावर झाली. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता चालवा. गंगापूर रोडवरून मनाली नावाची फिजिओथेरपिस्ट मुलगी स्कूटीवर घरी यायला लागली. पलंगावर बसून करायचे सगळे व्यायाम अक्का निमूटपणे करायची, पण उभं राहायची वेळ आली की वॉकरकडे असं बघायची, जणू तो चावणार आहे. "मी पडेन गं," एवढंच म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. किशोर, ही बाई एकेकाळी गच्चीवरच्या पापडांसाठी माकडामागे काठी घेऊन धावलेली! मी जेवलो का हे ती पडल्यापडल्या रोज विचारायची, पण काय शिजवलं नि कसं बिघडवलं हे विचारणं तिने सोडून दिलं होतं. ते मला जास्त लागायचं.

आता विम्याचं ऐक. ओझरला विमानाच्या कारखान्यात मी जन्मभर नकाशे वाचले, पण पॉलिसीतलं वाक्य कुठून उडतं नि कुठे उतरतं ते मला कळेना. फोनवरच्या बाईंनी समजावलं ते असं, की दवाखान्यात पडून केलेला व्यायाम हा उपचार, आणि तोच व्यायाम घरी केला तर तो आपापला प्रश्न. मात्र पेशंट घराबाहेर पडूच शकत नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं आणि कंपनीच्या माणसाने येऊन खात्री केली, तर घरच्या फिजिओथेरपीचा विचार होईल. मी म्हटलं, या की! आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि पेशंट पलंग सोडत नाही. यापेक्षा खात्रीचं गिऱ्हाईक त्यांना कुठे मिळणार होतं?

ठरल्या दिवशी लियाकत शेख म्हणून गृहस्थ आले. फार सभ्य माणूस. बूट बाहेर काढले, अक्काला "आपा" म्हणाले, पलंगाजवळ खुर्ची ओढून विचारपूस करू लागले. मनालीही तेव्हा आलेली होती. मी चहा टाकायला आत गेलो. ओट्यावर एक दुधाचं पातेलं झाकून ठेवलेलं दिसलं, ते उचलून सरळ चहात ओतलं. (ते विरजण लावलेलं होतं. मीच लावलं होतं, तिच्याच सांगण्यावरून.) झाकणाच्या आवाजावरून अक्काने बाहेर ओळखलं. तिने हाका मारल्या म्हणे, पण मी लायटर टकटकवत होतो. चहा फाटला, आणि मी तो गाळून पाहुण्यांना न्यावा की कसं, या विचारात उभा असताना मागून आवाज आला, "हाई काय शे?"

तिची अहिराणी मी कितीतरी दिवसांनी ऐकली. वळून बघतो तर अक्का स्वयंपाकघराच्या दारात वॉकर धरून उभी, घामाघूम, पाय लटपटतायत, आणि डोळे त्या पातेल्यावर. तिच्या मागे मनाली दोन्ही हात पुढे करून, पण न धरता. आणि मनालीच्या मागे लियाकतभाई, हातात पेन. माझं एक मन म्हणत होतं, अगं बस खाली, ते बघतायत! दुसरं म्हणत होतं, अगं, चाललीस की! मी तसाच चिमटा धरून रडत उभा राहिलो.

"रडताय काय, सरका," ती म्हणाली. "माणूस घरी आलाय आणि त्याला फाटका चहा देताय?"

चहा तिने केला, ओट्याला टेकून. लियाकतभाई पिताना हळूच म्हणाले, "साहेब, बघितलं ते मला लिहावं लागेल. पण आपांना जिना उतरता येत नाही, तेही लिहितो." मी म्हटलं, दोन्ही लिहा.

कंपनीने त्यातलं पहिलंच वाचलं असावं. उत्तर आलं, की विमेदार स्त्री घरात चालू शकते, सबब घरच्या फिजिओथेरपीचा दावा मान्य करता येत नाही. मी संतापून ते अक्काला मोठ्याने वाचून दाखवलं. ती उशीला टेकून ऐकत होती. "कुठलं वाक्य म्हणालात? परत वाचा," म्हणाली. परत वाचलं. मग शेजारच्या सिंधुबाईंना बोलावून आणायला लावलं आणि त्यांच्यापुढे पुन्हा वाचायला लावलं.

मी वरच्या साहेबांकडे पुन्हा अर्ज केला आहे. मनालीचं येणं चालूच आहे. आता अक्का जिन्याच्या पायऱ्यांपर्यंत आली आहे. घरी सर्वांना आमची आठवण सांग.

तुझा,
गोरक्षदाजी

ता. क. – पत्र अक्काने वाचलं. माकड नव्हतं, मांजर होतं, असं तिचं म्हणणं आहे. बाकी मजकूर तिला मान्य आहे.

आणखी ता. क. – हे पाकीट चिकटवायच्या आधी गुपचूप लिहितोय. अक्का उठताना वॉकर नंतर धरते, आधी माझा उजवा खांदा धरते. तो खांदा हल्ली वर होत नाही. सदऱ्याची बाही घालताना डोळ्यांत पाणी येतं. तिला कळलं तर ती खांदा सोडेल आणि पुन्हा झोपून राहील. फोनवर हे बोलता येत नाही, तिचे कान शाबूत आहेत. तेव्हा पंधरा दिवस ये. कारण काहीही सांग, बायकोशी भांडून आलो म्हण, ते तिला लगेच पटेल. आणि आल्यावर तिच्या शेजारी, माझ्या जागेवर बस.