व्हॉल्व्ह नक्की कोणीकडे फिरतो?

ती. स्व. मामांना,

साष्टांग नमस्कार. (नमस्कार मनापासून आहे, फक्त बसल्या जागेवरून घातलाय. ड्यूटीवर असताना खुर्ची सोडायची नाही असा आमच्याकडे नियम आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी सांगत होत्या, डॉक्टरांनी दाखवलेला व्यायाम तुम्हाला पसंत नाही आणि तुम्ही पाय स्वतःच्या पद्धतीने फिरवता. कोणत्या बाजूला फिरवता ते कृपया एका कागदावर लिहून ठेवा. हे मी का सांगतेय ते पुढे येईलच. फोन न करता पत्र लिहितेय म्हणून रागावू नका. फोनवर मी "मामा" म्हणते आणि त्यानंतर एकदम "बरं, ठेवते" म्हणते, मधलं सगळं तुम्ही बोलता. या वेळी मधलं मला बोलायचं आहे.

मला कंट्रोल रूमची नोकरी लागली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, त्यात काय आहे, फोन उचलायचा आणि पाणी येईल म्हणून सांगायचं. मामा, तसं नाही हो. खोलीत दोन फोन आहेत, एक वायरलेस आहे, ठिकठिकाणच्या पाइपांतलं प्रेशर आकड्यांत दाखवणारा एक पडदा आहे आणि भिंतभर नकाशा आहे. नकाशाचा डावा कोपरा कपाटामागे गेलाय, त्यामुळे त्या भागातल्या लोकांनी तक्रार केली की मला आधी कपाट ओढावं लागतं. (त्यांना वाटतं मी मुद्दाम वेळ काढते.) लोकांनी फोन करायचा, मी नकाशात शोधायचं, बाहेर फिरणाऱ्या चावीवाल्याला कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा ते वायरलेसवर सांगायचं, त्याने तो करायचा आणि मी रजिस्टरमध्ये लिहायचं. दिवसभर पाण्याचंच काम, पण पाच महिन्यांत माझं बोट ओलं झालेलं नाही. त्यामुळे बाहेर काय चाललंय ते मला फक्त ऐकून कळतं, आणि ऐकून मला फारसं काही कळत नाही हे तुम्ही लहानपणापासून सांगत आलाच आहात.

आमचे चावीवाले काका तुमच्या चांगल्या ओळखीचे. तुमच्या हाताखाली अकरा वर्षं तुमची चावी वाहायचे ते. (साहेबांनी परवा मला विचारलं, चावी वाहायची म्हणजे काय? ती छातीएवढी उंच लोखंडी असते आणि तिने कुलूप उघडत नाहीत, हे मला साहेबांना सांगावं लागलं.) त्यांच्या निवृत्तीला दोन महिने राहिलेत. वायरलेसवर ते तीनच शब्द बोलतात : "चालू", "बंद" आणि व्हॉल्व्ह पूर्ण फिरला की "गच्च". माझ्यासारख्या गोंधळ्या मुलीला यापेक्षा चांगला माणूस मिळणार नाही.

आता मंगळवारचं. सकाळी साडेदहाला एका सलूनवाल्याचा फोन आला की त्याच्या दुकानासमोर रस्ता फोडून पाणी वर येतंय. मी नकाशा पाहिला (सुदैवाने उजवा कोपरा), पोस्टाच्या कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह सापडला, काकांना सांगितलं. ते पोचले, चौदा फेरे फिरवले, म्हणाले, बंद, गच्च. मी रजिस्टरमध्ये "बंद" लिहिलं आणि सलूनवाल्याला ऐटीत सांगितलं की पाच मिनिटांत ओसरेल. पाच मिनिटांनी त्याचाच फोन. पाणी मघाशी पायरीशी होतं, आता खुर्चीच्या पायटेकणीला लागलंय. खुर्चीत अर्धी दाढी झालेला एक माणूस पाय वर घेऊन बसलाय. मी पडद्याकडे पाहिलं तर त्या रस्त्यावरचं प्रेशर वाढत होतं. बंद केल्यावर वाढत होतं! मी काकांना विचारलं, बंद आहे ना? ते म्हणाले, गच्च. मी पुन्हा "बंद" लिहिलं. फोन आला : दुकानातले टॉवेल तरंगतायत. असं मी चार वेळा लिहिलं, आणि जितक्या वेळा लिहिलं तितकं पाणी वाढत गेलं. शेवटी मला वाटायला लागलं की माझ्या लिहिण्यानेच वाढतंय, म्हणून मी पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी पडद्यासमोर उभं राहून हुकूम सोडला की अजून घट्ट करा. तिकडे काका चावीला लोंबकळले, सलूनवाला कात्री खिशात घालून मदतीला धावला, इकडे दोन्ही फोन वाजत होते, एका फोनवर अर्ध्या दाढीवाला स्वतः होता (त्याला कुठेतरी वेळेवर पोचायचं होतं आणि कोणत्या गालाने जाऊ असं तो मला विचारत होता). साहेब कानाशी "बंद, बंद" करत होते. माझं डोकं इतकं भंजाळलं की वायरलेसचं बटण दाबून मी जोरात म्हणाले, "काका, उघडा!" मग काकांनी विचारलं, "उघडू?" आणि मी, मामा, स्वतःचं चुकलंय हेही न कळून, म्हणाले, "हो, उघडा म्हणते ना!" काकांनी उघडला. आणि पाणी थांबलं.

मी रजिस्टरमध्ये खरं तेच लिहिलं : चार वेळा बंद, पाणी वाढले, एकदा उघडला, पाणी थांबले. साहेबांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी अजून पक्की झालेली नाही, त्यामुळे मी फार वाद घालणार नाही हे त्यांना माझ्याकडे पाहूनच कळलं. पुस्तकात सगळे व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवून बंद होतात असं छापलंय, म्हणजे चावीवाल्याने डावीकडे फिरवला, असा त्यांनी निष्कर्ष काढला. मी म्हटलं, जाऊन पुन्हा एकदा फिरवून बघू या. तर म्हणाले, चौकशी पुरी होईपर्यंत व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, आणि झाकणावर लाखेचं सील मारलं. म्हणजे व्हॉल्व्ह कोणीकडे फिरतो याची चौकशी आहे, आणि तो फिरवून बघायला तेवढी बंदी आहे. सलूनवाल्याची साक्ष झाली. त्याला विचारलं, कोणीकडे जोर लावलात? तो म्हणाला, गोल. चारदा विचारलं, चारही वेळा गोल.

हे सगळं मी हसत सहन केलं असतं. पण काकांनी बुधवारी स्वतःच लिहून दिलं की हात माझाच चुकला, वयोमानाने उजवं-डावं कळेनासं झालं. कोणी मागितलं नव्हतं हो! शनिवारी अकरा वाजता चौकशीचा निकाल आहे आणि हातात असा कागद असल्यावर निकाल काय लागणार ते शिपायालाही ठाऊक आहे. काकांना निलंबित करतील. सगळा जन्म रस्त्यावर वाकून काढला आणि शेवटचे दोन महिने घरी, तेही नावाला डाग लावून. मला रडू येतं, मामा, आणि राग येतो, आणि कोणावर ते मात्र ठरत नाही.

तेव्हापासून मी फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूसमोर थबकते. काल बरणी उघडायला घेतली आणि आईला विचारलं, हिचं झाकण कोणीकडे? आईने माझ्या हातातून बरणी काढून घेतली. मग तिलाच काय आठवलं कोण जाणे, म्हणाली, माझा (आईचा नव्हे) पहिला दात पडला त्या वर्षी तुम्ही जेवताना सांगत होतात की एक उलट्या आट्यांचा व्हॉल्व्ह आलाय, तो परत पाठवण्यात महिना जाईल, म्हणून तसाच बसवून टाकला. लिहून कशाला ठेवायचं, मी आहे ना, असंही म्हणालात. मी जुनं रजिस्टर काढलं. पोस्टाच्या कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह, त्याच वर्षीचा. खाली तुमची सही, शेऱ्याच्या रकान्यात "काम उत्तम". नोंदींप्रमाणे तो व्हॉल्व्ह तुम्ही कुणालाही फिरवू दिला नाहीत, काकांनाही नाही, आणि निवृत्त होताना अर्धा उघडा ठेवून गेलात. त्यानंतर मंगळवारपर्यंत त्याला कोणी हात लावला नव्हता. मी हे साहेबांना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, पुरावा काय? मी म्हटलं, आई. त्यांनी विषय बदलला.

तुम्ही चौतीस वर्षांत एकही चूक केली नाहीत हे मी तुमच्या तोंडून अनेकदा ऐकलंय, त्यामुळे आईचीच आठवण चुकली असेल, किंवा मीच ऐकताना गोंधळ घातला असेल. म्हणून नम्रपणे एवढंच विचारते, की तो व्हॉल्व्ह नक्की कोणीकडे फिरतो? सवडीने कळवा. मामींना नमस्कार. गुडघ्याची काळजी घ्या, उगाच घराबाहेर पडू नका.

तुमची लाडकी (असं मी समजते),
भाची

ता. क. सवडीने नको. आणि घराबाहेर पडा. शनिवारी अकराच्या आत ऑफिसात या. जिना आहे, पण मी आणि शिपाई तुम्हाला धरून वर नेऊ. साहेबांसमोर एकच वाक्य बोलायचंय आणि ते कोणतं ते तुम्हाला माहीत आहे.

ता. क. २ : मी नम्रपणे विचारते असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. मला कळलंय कोणीकडे फिरतो. या सगळ्या प्रकरणात मला कळलेली ती एकच गोष्ट आहे.

ता. क. ३ : पत्र घेऊन आलेत ते चावीवाले काकाच. आत काय आहे त्यांना ठाऊक नाही, घरगुती पत्र आहे एवढंच सांगितलंय. व्हॉल्व्हच उलटा आहे हे मी त्यांना तीनदा सांगून पाहिलं. तिन्ही वेळा हसले. म्हणाले, "पोरी, तुझ्या मामांनी बसवलेला व्हॉल्व्ह उलटा असेल कसा? त्यापेक्षा माझाच हात चुकला असणार." मंगळवारपासून घरातला नळसुद्धा ते काकूंना बंद करायला सांगतात. आत्ता ते तुमच्या दारात उभे असतील, बसा म्हटल्याशिवाय बसायचे नाहीत. शनिवारचं शनिवारी बघू. पत्राचं उत्तर मला पाठवू नका मामा, त्यांना द्या.