नकाशात नसलेल्या म्हशी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
३ मार्च २०२४

ती. काकींना अनुजाचा सा. न. वि. वि.

माळावरचं घर बांधून दोन वर्षं झाली. नकाशा मी काढला, विटा मी निवडल्या, आणि तात्या एकदाही तिथं मुक्कामाला गेले नाहीत. २०१९च्या पुरात नदीकाठची सगळी गल्ली होडीतून निघाली आणि तात्या आपल्या तीन म्हशींपाशी कमरेएवढ्या पाण्यात दोन दिवस उभे राहिले. यंदा तसंच झालं तर? फोनवर विषय काढला की डेअरीला जायचंय म्हणून ठेवून देतात. घर आवडलं नाही का? खरं काय ते कळवा.

लोभ असू द्या, आणि माझ्यावर राग असेल तर तोही लिहा.

तुमची अनुजा


१५ मार्च २०२४

चि. अनुजास अनेक आशीर्वाद.

फोनवरच सांगितलं असतं, पण तुझे तात्या शेजारीच कान टवकारून बसतात. घर झकास आहे. ओटा तर माझ्या उंचीचा केलास. पण बाळ, हॉल काढलास, गॅलरी काढलीस, मोटारीला पार्किंग काढलंस. आपल्याकडे मोटार कुठं आहे? म्हशी मात्र कुठंच नाहीत. हे म्हणतात, पोरगी एवढी शिकली, पण घरातली माणसं मोजताना तीन कमी मोजली की. वर नळाला पाणी येतं एक दिवसाआड. म्हशींना काय पाजायचं?

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच, ती कुठं जात नाही.

तुझी काकी, चिमणाबाई


२० मार्च २०२४

ती. तात्यांना सा. न. वि. वि.

चुकलंच माझं. पार्किंगचा गोठा करते. फरशी खडबडीत, खुरं घसरणार नाहीत अशी. पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत घेऊ. गव्हाण किती उंच हवी ते मात्र तुम्हीच उभं राहून सांगायचं. रविवारी येते.

आशीर्वाद राहू द्या, टोमणेही चालतील.

अनुजा


माळावरून
८ ऑगस्ट २०२४

चि. अनुजास आशीर्वाद.

पाणी यायच्या आदल्या दिवशीच म्हशी वर आणल्या. खालच्या घरात पाणी छातीच्या वर गेलतं. होडीवाले मला शोधायला गेले, कुलूप अन् मोकळा गोठा बघून, मी वाहून गेलो म्हणून घाबरले. शेजारच्या पिराजीनं सांगितलं, म्हातारा माळावर धार काढत बसलाय. मग चहालाच आले की सगळे. तुझी टाकी भरून वाहिली. काकी तर बरं वाटून रडली. मलाही लई हलकं वाटलं, पण हे कुणाला सांगू नकोस.

पाणी ओसरून आठ दिवस झाले. दोनदा दावी सोडून खाली निघालो. चंद्री गोठ्याच्या दारातून हलत न्हाय, आणि तिच्यामागं बाकीच्या दोघी. आता त्याच जात न्हाईत, तर मी एकटा खाली जाऊन काय करू?

दिवाळीला इकडंच ये. खालच्या घराला कुलूप हाय.

तुझा तात्या