लुगड्याबद्दल नेमकं कोण म्हणालं

मु. पो. किन्हीराजा
दि. ३ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप सौ. मनकर्णाबाई यांस,

धाकट्या भावजयीचा, म्हणजे रत्नमालेचा, वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? धनजकडचा हरभरा यंदा चांगला आहे असं ऐकलं. (हे सगळं फोनवरच विचारलं असतं, पण नऊ वर्षांपासून तुमी आमचा फोन उचलत नाही, म्हणून पत्र रजिस्टर केलं. सही करून घेतलंच आहे तर वाचूनही घ्यावं.) इकडे सर्व ठीक. तुमच्या मातोश्री चतुराबाई खणखणीत आहेत. दर उन्हाळ्यात त्या तुमच्याकडे राहून येतात आणि पुढे दिवाळीपर्यंत तुमच्या हातच्या कढीच्या आठवणीने माझी कढी बाजूला सारतात.

विशेष बातमी अशी की मी बी. ए. करून राह्यली. वय त्रेपन्न. घरी बसून अभ्यास, आणि दर रविवारी एसटीने वाशीमला वर्ग. विषय बोधनिक मानसशास्त्र. नाव ऐकून घाबरू नका, मी पहिला महिना घाबरून झालेली आहे. आमच्या चेतना मॅडम सांगतात की माणूस पाहतो कसा, लक्ष कुठे देतो, आठवतो कसा आणि विसरतो कसा, याचा हा अभ्यास. तुमचे भाऊ म्हणाले, "विसराचं शिकाले तिकीट काढून वाशीमले कायले जातं? घरीच तं चांगलं जमते तुले."

या शास्त्राची मुळं फार जुनी आहेत. पूर्वीच्या पंडितांमध्ये दोन पार्ट्या होत्या, आपल्या ग्रामपंचायतीसारख्याच. एक पार्टी म्हणे, माणूस जन्मतो तेव्हा मन ही कोरी पाटी. डोळे, कान, नाक जे आणून देतात तेवढंच तिच्यावर उमटतं. दुसरी म्हणे, काही ज्ञान माणूस सोबत घेऊनच येतो. हे मी गोठ्यात मोठ्याने पाठ करत होते, त्याच आठवड्यात गाय व्याली आणि वासरू उठून न शिकवता आचळाकडे निघालं. मी म्हणाले, झालं, दुसरी पार्टी निवडून आली. तुमचे भाऊ म्हणाले, चार वेळा पुढच्या पायात तोंड खुपसलं त्यानं, ते कोणत्या ज्ञानातून? (मग एक समजूतदार पंडित निघाला. तो म्हणाला, माल बाहेरून येतो, पण तो ज्यात भरायचा ती भांडी आतच असतात. दोघांचंही समाधान झालं. वासराचं आधीच झालं होतं.) पुढे आणखी एक हट्टी मंडळी आली. त्यांचं म्हणणं, डोक्यातलं दिसत नाही तर बोलूच नका. माणूस करतो काय तेवढंच पाहा. तुमचे भाऊ याच मंडळीतले. मनात काय आहे विचारलं की म्हणतात, "चहा मांगतला ना, चहा दे." नंतर कॉम्प्युटर आले आणि विद्वानांना धीर आला, की आत काय जातं, कुठे राहतं, बाहेर कसं येतं, हे विचारायला हरकत नाही. एवढंच की आठवण म्हणजे गोदाम नव्हे, ठेवलं तेच पोतं परत मिळत नाही. ती दर वेळी नव्याने शिजवावी लागते, आणि जे कमी पडेल ते माणूस पदरचं टाकतो.

आता मुद्द्यावर येते. मॅडमनी प्रकल्प दिला. घरातली एक जुनी घटना घ्यायची, हजर असलेल्यांना वेगवेगळं बसवून विचारायचं आणि जुळतं का पाहायचं. आमच्या घरात एकच घटना अशी आहे जी सर्वांना येते. आमच्या गोलूच्या लग्नात तुमी मला आहेराचं लुगडं आणलं. कोणीतरी म्हणालं, हे तं पडद्याचं कापड हाय. ते तुमच्या कानावर गेलं. तुमी भर पंगतीत तुमच्या भावाला विचारलं, तू म्हणालास का? ते चार आचाऱ्यांशी बोलत होते, म्हणाले, "म्हणलं असंन, बाई." तुमी ताट सरकवून उठल्या, त्या अजून आल्या नाहीत.

तर पाहणी सुरू केली. मातोश्रींनी शपथेवर सांगितलं की जिलबी वाढताना हे घडलं. जिलबी नव्हतीच, बुंदी होती. (मॅडम म्हणतात, डोक्यात लग्नाचा एक साचा तयार असतो, रिकामी जागा तो भरतो.) गोलू नवरदेव होता, त्याला फक्त टोचणारा फेटा आठवतो; लक्ष जिथे नाही तिथलं साठवलंच जात नाही. शेजारच्या खेमाने सर्वांत बारीक वर्णन केलं, तासभर. मागून कळलं की तो त्या दिवशी अकोल्याला होता.

मग तुमचे भाऊ. त्या दिवशी "असंन" म्हणणारा हा माणूस आता मांडवाचा खांब सांगतो, हातातला पाण्याचा जग सांगतो, जवळ कोण उभं होतं ते सांगतो. मग म्हणाले, "मले बाईनं खांद्यावर बसवून शाळेत नेलं, रत्ने. नाल्याले पूर होता. अन् म्या तिच्या लुगड्याले नाव ठेवलं." मी पेन्सिल खाली ठेवली. नंतर भाकरी टाकताना तीन करपल्या.

शेवटी सुनेला, राखीला, विचारलं. तिने जे सांगितलं ते कागद संपत आल्यामुळे लिहीत नाही. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपली,
रत्नमाला

ता. क. कागद सापडला. राखी त्या दिवशी नवरी होती, मान खाली, म्हणून तिला तोंडं आठवत नाहीत, पाय आठवतात. ती शांतपणे म्हणाली, "आई, तुमच्या अंगठ्याले चिंधी बांधली होती. बोलणाऱ्या पायालेबी होती." मी विचारलं, नऊ वर्षं गप्प काहून राह्यली? म्हणे, पयलाच दिवस होता, मग राहूनच गेलं. बाई, मी आठवायला बसले आणि मला आठवलं. मीच म्हणाले होते. तुमच्या भावाने हो म्हटल्यावर मला इतकं सोयीचं वाटलं की पुढे मलाही तेच खरं वाटू लागलं. याला शास्त्रात नाव आहे, पण तुमची माफी मागताना ते सांगणं बरं दिसणार नाही.

ता. क. दुसरा. सोबत प्रकल्पाची प्रश्नावली जोडली आहे. नियमाप्रमाणे सात जण लागतात, माझे सहाच भरतात, तेही मला आणि खेमाला धरून. वीस तारखेपर्यंत आली नाही तर मी नापास. पोस्टाचा भरवसा नाही, तरी आपण स्वतः घेऊन यावं. (माफी खरी आहे. वीस तारीखही खरी आहे.)

ता. क. तिसरा. हे सगळं मी तुमच्या भावाला वाचून दाखवलं. त्यांचा विश्वास बसत नाही, उलट रागावले. पेन मागून राह्यले.

बाई, हिचं आयकू नको. मले वाचवाले सोतावर घेऊन राह्यली. ते म्याच म्हणलं होतं, मले साफ आठवते. तू ये, अन् मले समोर बसवून बोल. — जगदेव