माझा शर्ट घालून गेला तो

१४ नोव्हेंबर १९९३

पोचलो भिया! इंदूरहून बडवाहपर्यंत बस, पुढे कंपनीची जीप, मग नाव. नर्मदेच्या ऐन मधोमध बेटखेडी. चारी बाजूंनी पाणी, घाटावर चिंचेचं झाड आणि वर मातीची घरं. हवा अशी मस्त की येताच झोप येते.

इंदूरला पलासियातल्या ऑफिसच्या साहेबांना इथे रिसॉर्ट काढायचाय. आता बाहेरचा पैसा येणार, लोक सुट्टीला पाण्यावर राहायला येणार म्हणे. तोवर मी साइट सुपरवायझर, म्हणजे सिमेंटच्या पोत्यांचा राखणदार. पण मधुरिमाच्या बाबांसमोर ‘सुपरवायझर’ म्हणायला बरं वाटतं. नाहीतर त्यांच्या लेखी यशवर्धन म्हणजे कोण? पणजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते आणि हा कॉलेज अर्धवट सोडून फिरतो. अर्धवट का सोडलं ते मात्र कोणी विचारत नाही. कॉलेजातला रजत मधुरिमाला रोज स्कूटरवर कम्प्युटर क्लासला सोडायचा. मी कँटीनमध्ये त्याचं नाक फोडलं. बस, एवढंच. मिल बंद झाल्यापासून माझे बाबा तसेही काही बोलत नाहीत. भोंगा वाजत नाही, तरी वेळ झाली की उठून चपला घालतात आणि ओट्यावर जाऊन बसतात.

घाटावर एक मजा झाली. मी उतरत होतो आणि माझ्याच वयाचा एक पोरगा नावेत चढायला उभा होता. उदयसिंह त्याचं नाव, कामाच्या शोधात इंदूरला निघालेला. नाव चालवणारा केवट म्हणाला, इथला रिवाज आहे, उतरणाऱ्यानं आणि चढणाऱ्यानं अंगावरचं एक कापड बदलायचं, म्हणजे नर्मदा मैया नाराज होत नाही. त्यानं गळ्यातला लाल गमछा दिला. मी निळ्या चौकटीचा शर्ट काढून दिला, मधुरिमानं वाढदिवसाला दिलेला तोच. रिवाजासाठी नाही दिला! त्याला तिचा पत्ता सांगितला, आमच्या घरचाही सांगितला. म्हटलं, शर्ट बघून तिला कळेल तू माझा माणूस आहेस. रजत तिच्या आसपास फिरतो का, तेवढं बघत राहा. डोकं चालवलं की नाही!

१९ नोव्हेंबर

माझी राहायची सोय उदयसिंहच्याच घरी केलीय. त्याची आई सरलाबाई. पोरगा गेला म्हणून रडली-बिडली नाही. पहिल्या दिवसापासून माझं ताट वाढते, ‘उदय, रोटी ठंडी हुई री है’ म्हणून ओरडते. मी यश आहे म्हणून सांगितलं तर हसून वर तूप घातलं. तुपासाठी चालून जातं.

गावात लाइट नाही, शाळा पाचवीपर्यंत. वाळूत टरबूज-खरबूज आणि वरच्या शेतात चणा. पोरं मोठी झाली की निघून जातात. गावच्या पटेलांना विचारलं, असं गाव टिकणार कसं? ते मिशीत हसले. म्हणाले, एक जातो तर एक येतो, बेटावर माणूस कधी कमी पडला नाही. मास्तर असेच आले होते, दवाखान्यातली नर्सही. मी मास्तरांना विचारलं, तुमचं घर कुठलं? त्यांनी मला चहा घेणार का विचारलं.

२ डिसेंबर

कंपनीचा गजानन सिमेंट घेऊन आला. नावेतूनच पोती फेकली. चहाला ये म्हटलं तर म्हणाला, ‘ना भिया, अपन तो पाँव नी रखते इधर.’ इथलाच, निमाडातला आहे, भेकड!

खबर दिली त्यानं. उदयसिंह माझ्या घरी उतरलाय. माझ्या खाटेवर झोपतो. बाबा त्याच्याशी पत्ते खेळतात आणि जोरजोरात हसतात. आणि रजतचा पत्ता कट! हे ऐकून मी गजाननला टाळी द्यायला हात पुढे केला, तेवढ्यात तो म्हणाला, मधुरिमा आता रोज तुमच्या घरीच येते. उदयच्या हातची टरबुजाची भाजी तिला भारी आवडते.

माझ्या हातचं कधी पाणी प्यायली नाही ती. वरच्यावर, क्लासला उशीर होतो, क्लासला उशीर होतो. आता उशीर नाही होत?

गमछा नदीत फेकून दिला. जा तुझ्या मालकाकडे.

३ डिसेंबर

गमछा दोरीवर वाळत होता. सरलाबाईला विचारलं तर म्हणाली, तूच तर धुऊन टाकलास.

९ डिसेंबर

माळ्याची शिडी चढताना तिसरी पायरी मी ओलांडली. न बघता. मग लक्षात आलं की ती मोडकी आहे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिथे माझा पाय यापूर्वी कधी पडला नव्हता. गाय मला बघून हंबरते. मी तिला चंपा म्हणतो. तिचं नाव चंपा आहे, हे मला—

दिवसभर एकच डोक्यात. तो माझा शर्ट घालून तिच्यासमोर बसला असेल. ती त्याच्याकडे कशी बघत असेल? माझ्याकडे बघायची तशी, की जास्त?

केवटाकडे गेलो. म्हटलं, आत्ता पलीकडे सोड, हवे तेवढे देतो. तो जाळं विणत बसला होता, वरही बघितलं नाही. म्हणाला, उधर यश तो है, तू किसकी जगह जाएगा? मी त्याची मान धरली. तो म्हणाला, मला मारून काय होणार, कोणी नवा घाटावर उतरेल आणि कापड बदलेल तेव्हाच तुझं जाणं होईल.

पोहत गेलो. चांगला पोहतो मी. पार दमेपर्यंत हात मारले, समोर घाट दिसला, पायऱ्यांवर आडवा पडलो. वर बघितलं तर तेच चिंचेचं झाड. सरलाबाई कोरडं धोतर घेऊन उभी.

२८ डिसेंबर

गजानन आला. मला म्हणाला, ‘और उदय, कैसा है?’

मी म्हटलं, मस्करी पुरे. तो खरंच गोंधळला. म्हणाला, यशभियानं तुझ्या आईसाठी साडी पाठवलीय. यशभियाचा साखरपुडा झाला ना, मधुरिमाताईशी. ताईच्या बाबांनी स्वतः पेढे वाटले.

मी ओरडलो, मी यश! माझं नाक बघ, आवाज ऐक! नावेची कड धरली, त्याला खाली ओढायला गेलो. त्यानं बांबूनं बोटांवर मारलं आणि नाव लोटली. लांबून म्हणाला, सरलाकाकीला सांग, पोराला दाखव कुठेतरी.

बोटं सुजलीत. बोटांवर घट्टे आहेत, वल्ह्याचे. मी कधी वल्हं—

९ जानेवारी

तिच्या घराचं फाटक. हिरवं होतं की— त्या फाटकाशी किती उभा राहिलोय मी. गल्लीत वळताना उजवीकडे— काय होतं उजवीकडे?

त्याला आठवत असेल. तो रोज जातो.

२१ जानेवारी

सरलाबाई घर सारवतेय. सून येणार म्हणते. यशबाबू स्वतः घेऊन येणार, बेट दाखवायला. तो नावेतून उतरणार नाही. त्याला ठाऊक आहे. पण आईनं सुनेला बघावं, ओटी भरावी, एवढी त्याची हौस आहे. ती उतरेल. तिला काय माहीत.

त्याला आई आठवते. मला माझ्या आईचा चेहरा—

२३ जानेवारी

घाटावर बसून लिहितोय. उन्हात नाव दिसतेय. पुढे तो, माझा निळा शर्ट. मागे ती. मोरपंखी ओढणी वाऱ्यावर.

ओढणी. अंगावरचं कापड.

मागितली तर देईल, ती कोणाला नाही म्हणत नाही. मग ती इथे आणि मी तिकडे. कोणाच्या घरात, कोण म्हणून, माहीत नाही. पण त्याला ती मिळणार नाही. त्या नावेत तो एकटा, शेजारी मी. त्याचं तोंड बघायचंय मला.

ती रडेल. मग सरलाबाई तूप वाढेल. मग विसरेल. मी विसरतोय तसंच—

नाही. ओरडून सांगतो तिला, उतरू नको. आत्ता ओरडतो. मग ती त्याच्याबरोबर परत जाईल. हसत. त्याच्या खांद्याला धरून—

ओरडलो नाही.

नाव लागली. तो बसूनच. तिनं चपला हातात घेतल्या. एक पाय पाण्यात—

माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, उदयभिया ना तुम्ही?

भिया. मी तिचा भाऊ.

गमछा माझ्या हातात आहे, गळ्यातून कधी काढला मी— तिची ओढणी सरकलीय, ती सावरतेय, मी हात पुढे—